पहिल्या रेल्वेसहलीनंतरचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालयांच्या अभ्याससहली सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे गटाने केलेल्या रेल्वेप्रवासाविषयी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर देण्यात बरीचशी जागा गेली आहे, कारण त्या विद्यार्थिनीने विचारलेले प्रश्न सहलीहून परतलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावेत असे आहेत.

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात इतिहास विषय घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. अलीकडेच आमच्या वर्गाची सहल हरिप्रिया एक्सप्रेसने होसपेटमार्गे हम्पीला जाऊन आली. आतापर्यंतचे माझे सगळे प्रवास एसटीने किंवा घरच्या गाडीने झाले असल्यामुळे रेल्वेत बसण्याची आणि महाराष्ट्राबाहेर पाऊल ठेवण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. जाताना आम्ही जवळजवळ पूर्ण वेळ अंताक्षरी खेळत होतो, त्यामुळे खिडकीबाहेर काय गेले ते फारसे आठवत नाही. बेळगावनंतर मात्र आमच्या आरक्षित जागांवर अनोळखी माणसे येऊन बसू लागली आणि काहींनी विचारण्याचीही तसदी घेतली नाही. त्यांपैकी एका काकूंनी माझे नाव, गाव, वडील काय करतात आणि माझे लग्न ठरले आहे का, हे सगळे पाच मिनिटांत विचारून घेतले. मला राग आला होता, पण थोड्या वेळाने त्यांनीच आपल्या डब्यातले चित्रान्न आम्हा सगळ्या मैत्रिणींच्या हातावर ठेवले. परतीच्या प्रवासात होसपेटला पहाटेच्या अंधारात गाडीत चढलो, तेव्हा माझ्या खालच्या बर्थवर एक वृद्ध बाई झोपलेल्या होत्या. सरांनी त्यांना उठवले. त्यांच्या मुलाने, तुमच्या आवाजाने अख्खा डबा जागा झाला आहे, असे रागाने सुनावले. त्या बाई वरच्या बर्थवर चढू शकत नव्हत्या, हे नंतर कळले.

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी मला या सहलीवर लेख लिहायचा आहे. सर म्हणतात की हम्पीवर लिही, गाडीतल्या गोष्टी कशाला? मला तर गाडीच जास्त आठवते, पण माझी मते एकमेकांशी जुळत नाहीत. माणसे दांडगाई करतात असेही वाटले आणि माणसे फार मायाळू आहेत असेही वाटले. पहिल्याच प्रवासात झालेल्या मतावर किती विश्वास ठेवावा? आणि आमच्या जागेवर बसणाऱ्यांना आम्ही उठवायला हवे होते का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : लेख गाडीवरच लिहा. १३३६ मध्ये विजयनगर स्थापन झाल्याची परंपरा, १५६५ चा तालिकोटचा पराभव, १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत झालेला हम्पीचा समावेश, ही माहिती ग्रंथालयातल्या पुस्तकांत तुमच्यापेक्षा जास्त तपशिलाने लिहिलेली आहे. त्या काकूंनी दिलेले चित्रान्न आणि पहाटे उठवली गेलेली ती वृद्ध बाई यांविषयी मात्र तुमच्याशिवाय कोणी लिहिणार नाही. सरांचा आग्रह इतिहासासाठी असेल, तर त्यांना आदरपूर्वक सांगा की आपण ज्या गाडीने गेलो ती गाडीही इतिहासाचाच भाग आहे, आणि आपण कोल्हापूरकर तर त्या इतिहासाचे थेट वारसदार आहोत.

कोल्हापूर–मिरज हा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. १८८८ मध्ये कोवळ्या वयाच्या शाहू महाराजांच्या हस्ते त्याच्या कामाचा प्रारंभ झाला आणि १८९१ मध्ये त्यावरून गाडी धावू लागली. आज स्थानकाला त्यांचेच नाव आहे. तेव्हापासून आजपर्यंत कोल्हापूर हे या मार्गाचे टोक राहिले आहे. कोकणाकडे जाणाऱ्या वैभववाडी मार्गाची चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकत असलो, तरी अजून रेल्वेने कुठेही जायचे म्हटले की आधी मिरज गाठावेच लागते. याचा आपल्या स्वभावावर परिणाम झाला आहे, असे माझे अनेक वर्षांच्या निरीक्षणातून बनलेले मत आहे. मधल्या स्थानकावरचा प्रवासी भरलेल्या डब्यात चढतो, विचारत विचारत जागा शोधतो आणि आपण दुसऱ्यांच्यात आलो आहोत हे त्याला पहिल्या पावलापासून ठाऊक असते. कोल्हापूरचा प्रवासी रिकाम्या, धुतलेल्या, फलाटावर उभ्या असलेल्या गाडीत चढतो, सामान लावतो, पाय पसरतो, आणि मिरज येईपर्यंत तो डबा त्याला स्वतःच्या घरासारखा वाटू लागलेला असतो. पुढे जो चढेल तो त्याच्या लेखी पाहुणा असतो किंवा घुसखोर. तुमच्याबरोबर तर संपूर्ण वर्ग होता, म्हणजे घराबरोबर गल्लीही होती. बेळगावला चढलेल्या माणसांचा तुम्हाला आलेला राग मला समजतो, पण तो राग नेमका कुठून आला हे लेखात तपासून पाहिलेत, तर लेखाला वजन येईल.

आता नियम सांगतो, कारण नियम माहीत नसला की माणूस एक तर विनाकारण भांडतो किंवा विनाकारण गप्प बसतो. शयनयान डब्यातल्या बर्थवर झोपण्याचा हक्क रात्री १० ते सकाळी ६ या वेळेपुरता असतो. उरलेल्या वेळेत खालचा बर्थ ही बसण्याची सामाईक जागा असते आणि मधल्या व वरच्या बर्थच्या प्रवाशांना तेथे बसण्याचा अधिकार असतो. त्यामुळे दिवसा तुमच्या शेजारी येऊन बसलेला माणूस त्याच खणातल्या वरच्या बर्थचा असेल, तर तो तुमच्या जागेवर बसला आहे असे म्हणता येत नाही. ज्याच्याकडे त्या डब्याचे आरक्षणच नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला तेथे बसण्याचा हक्क नाही, तुम्ही त्याला उठण्यास सांगू शकता, आणि तो न ऐकल्यास तिकीट तपासनिसाला किंवा १३९ या क्रमांकावर कळवू शकता. काही मार्गांवर रेल्वे स्वतःच काही शयनयान डबे दिवसा ठरावीक अंतरापर्यंत अनारक्षित प्रवाशांसाठी खुले ठेवते, हेही लक्षात असू द्या.

एवढा नियम सांगूनही, तुम्ही त्या माणसांना उठवले नाही याचे मला बरे वाटले. बेळगाव ते धारवाड किंवा हुबळी एवढ्याच अंतरासाठी चढणारा माणूस बहुधा बाजाराला, दवाखान्याला, कामावर किंवा लेकीच्या घरी निघालेला असतो. त्या वेळेला त्याच्या उपयोगाची तीच गाडी असते आणि जनरल डब्यात कित्येकदा उभे राहायलाही जागा नसते. तुम्हा मुलींची अडचण होत असेल, कोणी अंगचटीला येत असेल किंवा सामानाची भीती वाटत असेल, तर मुळीच संकोच न करता उठवावे, आणि अशा वेळी गटाचा उपयोग करावा. तशी काही अडचण नसेल, तर दोन तास सरकून बसण्याने तुमचे काही जात नाही. न विचारता बसलेल्या माणसाविषयी तुमच्या मनात राहिलेली अढी मात्र मी चुकीची म्हणणार नाही. विचारून बसणे आणि न विचारता बसणे यांत फरक आहे आणि तो तुम्हाला जाणवला, हे लेखात जसेच्या तसे येऊ द्या.

परतीच्या प्रवासातल्या त्या पहाटेविषयी मला जरा स्पष्ट लिहिले पाहिजे. जागा तुमची होती, यात शंका नाही. वेळही सकाळी सहाच्या आधीची, म्हणजे बर्थचा तुमचा हक्क चालू असतानाची होती. पण त्याच वेळी तो डबा झोपलेला होता आणि झोपलेल्या डब्यात तीस-पस्तीस जणांनी एकमेकांना हाका मारत, बर्थचे क्रमांक मोठ्याने वाचत, दिवे लावत चढणे हा इतरांवर अन्याय होता. त्या मुलाचा राग योग्य होता. पहाटे चढणाऱ्या गटाने आदल्या रात्रीच प्रत्येकाला त्याचा डबा आणि बर्थ कागदावर लिहून द्यावा, मोबाइलच्या उजेडात जागा शोधावी आणि बोलायचे ते उजाडल्यावर बोलावे. त्या वृद्ध बाईंचे म्हणाल, तर ज्येष्ठ नागरिकांना आणि ४५ वर्षांवरील महिलांना आरक्षणाच्या वेळी शक्य तेथे खालचा बर्थ देण्याची व्यवस्था संगणकप्रणालीत आहे, पण असे बर्थ थोडे असतात आणि ते संपले की सत्तरीच्या आजींनाही वरचा बर्थ मिळतो. अशा वेळी त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरतात: तपासनिसाकडे रिकाम्या खालच्या बर्थची मागणी करणे किंवा सहप्रवाशाच्या समजूतदारपणावर विसंबणे. त्या बाई दुसऱ्या मार्गावर विसंबल्या होत्या. रात्रभर कोणाचे काही बिघडले नाही, आणि तुम्ही होसपेटला चढलात तेव्हा त्यांचा तो आधार गेला. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने वरच्या बर्थवर जाणे हे काही मोठे औदार्य नाही, आणि उठवण्याआधी कोणी एक प्रश्न विचारला असता, तर हे सगळे टळले असते. सरांना मी दोष देत नाही. एवढ्या मुलांची जबाबदारी खांद्यावर असलेला माणूस आधी आपल्या मुलांची डोकी मोजतो.

यावरून मी तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. पहिल्या प्रवासात झालेल्या मतांपैकी जी मते तुम्ही एकटीने एखाद्या माणसासमोर बसून बनवली, त्यांवर विश्वास ठेवा. जी मते गटात बसून बनली, त्यांवर ठेवू नका. गट आपल्यासाठी मत तयार करून ठेवतो. एकाने नाक मुरडले की सगळे मुरडतात, एकाने या लोकांना शिस्त नाही असे म्हटले की उरलेल्यांना बेशिस्तच दिसू लागते, आणि अंताक्षरीच्या गोंगाटात खिडकी बंद असल्यासारखीच असते. तुमच्या पत्रात जे जिवंत आहे, ते सगळे गटाची कड सुटलेल्या क्षणांतले आहे. काकूंनी प्रश्न विचारले ते तुम्हाला. बर्थवरच्या बाई झोपल्या होत्या त्या तुमच्या जागेवर. ‘दांडगाई’ हे मत मात्र गटाचे आहे, असे मला वाटते, कारण त्यात एकही माणूस दिसत नाही.

काकूंच्या प्रश्नांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या देशात लांबच्या गाडीत बसलेल्या अनोळखी माणसाला ‘कुठले?’ आणि ‘कुठे निघालात?’ असे विचारणे ही चौकशी नसून संभाषणाची सुरुवात असते. कोल्हापुरातही एसटीत शेजारी बसलेली बाई हेच विचारते, तेव्हा आपल्याला ते खटकत नाही, कारण ती आपली वाटते. लग्नाविषयीचा प्रश्न तुम्हाला नको वाटला, तर हसून विषय बदलण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. जातीविषयी कोणी विचारले, तर उत्तर देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उतरण्याचे ठिकाण, मुक्कामाची जागा आणि गटातल्या इतर मुलींची माहिती अनोळखी माणसाला सांगू नये, मग तो कितीही मायाळू वाटो. एवढी सावधगिरी पाळून बाकीचे बोलणे होऊ द्यावे आणि आपणही विचारावे. काकूंनी तुम्हाला चार प्रश्न विचारले. तुम्ही त्यांना एक तरी विचारलात का, हे पत्रात लिहिलेले नाही. त्यांचे गाव कोणते, त्या कुठे निघाल्या होत्या, चित्रान्न कोणासाठी बांधून घेतले होते, हे तुम्हाला ठाऊक असते, तर तुमचा लेख निम्मा लिहून झाला असता.

येथे कागल आणि कोल्हापूर येथे शिकलेल्या एका थोर माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते. गोपाळ कृष्ण गोखले यांचे शालेय शिक्षण कागल-कोल्हापुरात झाले आणि राजाराम महाविद्यालयातही ते काही काळ विद्यार्थी होते. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांना एक वर्ष देश हिंडून पाहण्याचा आणि त्या काळात सार्वजनिक प्रश्नांवर मत न देण्याचा सल्ला दिला. गांधीजींनी तो पाळला, आणि पुष्कळसा प्रवास रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने केला. पुढे त्या वर्गातली गर्दी, अस्वच्छता आणि प्रवाशांना मिळणारी वागणूक यांविषयी त्यांनी कठोर शब्दांत लिहिले, आणि त्यात प्रवाशांच्या स्वतःच्या सवयींनाही त्यांनी सोडले नाही. या सल्ल्यातला जो भाग तुमच्या उपयोगाचा आहे तो असा: पाहिलेले आधी टिपून ठेवावे आणि मत नंतर बनवावे. तुमच्याजवळ एका सहलीपुरताच अनुभव आहे, म्हणून मत देण्याची घाई नको, पण पाहिलेल्या गोष्टी आजच लिहून काढा, कारण एक-दोन महिन्यांत मैत्रिणींनी सांगितलेले आणि स्वतः पाहिलेले यांची सरमिसळ होईल. मायाळू आणि दांडगट या दोन मतांची तडजोडही घालू नका. न विचारता बसलेली बाई आणि खाऊ घालणारी बाई एकच होती, ही वस्तुस्थिती आहे आणि लेखात ती तशीच उभी राहू द्यावी.

खिडकीबाहेर काय गेले ते तुम्हाला आठवत नाही, म्हणून ते थोडक्यात सांगतो. कदाचित त्यावरून काही आठवेल. कोल्हापूर सुटल्यावर रुकडीजवळ गाडी पंचगंगा ओलांडते आणि जयसिंगपूर मागे पडल्यावर मिरजेच्या अलीकडे उदगाव–अंकलीजवळ कृष्णा ओलांडते. या दोन नद्या नरसोबाच्या वाडीला एकत्र होतात. मिरजेहून गाडी दक्षिणेला वळली की कुडचीजवळ पुन्हा कृष्णा लागते, आणि या वेळी तिच्यात आपल्या पंचगंगेचे पाणी मिसळलेले असते. राज्याची सीमा मध्येच कुठेतरी येऊन गेलेली असते, पण शिरोळचा ऊस संपून रायबागचा ऊस कुठे सुरू झाला हे शेताकडे पाहून सांगता येत नाही, फक्त स्थानकाच्या पाटीवर कन्नड अक्षरे दिसू लागतात. पुढे घटप्रभा येते, बेळगावनंतर खानापूरच्या परिसरात मलप्रभा येते, लोंढ्याच्या आसपास लाल माती आणि दाट जंगल येते, आणि अळणावर मागे टाकून धारवाडकडे जाताना झाडी विरळ होत काळ्या जमिनीची शेते उघडी होतात. हुबळीच्या १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाला जगातला सर्वांत लांब फलाट म्हणतात. त्यानंतर गदग, कोप्पळ, मग ग्रॅनाइटचे उघडे डोंगर आणि होसपेटच्या अलीकडे तुंगभद्रा. घटप्रभा, मलप्रभा आणि तुंगभद्रा या तिन्ही नद्या शेवटी कृष्णेलाच मिळतात. म्हणजे घरापासून विजयनगरच्या राजधानीपर्यंतचा तुमचा बहुतेक प्रवास एकाच नदीच्या खोऱ्यात झाला. परका प्रदेश म्हणून तुम्ही जेथे गेलात, तेथले पाणी आणि आपल्या गावचे पाणी शेवटी एकाच नदीला मिळते, हे सांगायला इतिहासाच्या विद्यार्थिनीला कोणाची परवानगी लागू नये.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आहे. डिसेंबरच्या अखेरीस मित्रांच्या गटाबरोबर रेल्वेने दिल्ली आणि आग्रा येथे जाण्याचे त्यांचे ठरले आहे. तिकिटे मुलांनीच मोबाइलवर काढली असून ती वेगवेगळ्या डब्यांत विखुरली आहेत, आणि काही प्रतीक्षा यादीत आहेत. मुलगा म्हणतो, एकदा गाडीत चढलो की सगळे जमते. आम्ही घरात कोणीही एवढ्या लांब रेल्वेने गेलेलो नाही. काय काळजी घ्यावी?
— एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : एकदा चढलो की सगळे जमते, ही समजूत मुलाच्या डोक्यातून आधी काढा. ऑनलाइन काढलेल्या तिकिटातले सगळे प्रवासी आरक्षण तक्ता तयार झाल्यावरही प्रतीक्षा यादीतच राहिले, तर ते तिकीट आपोआप रद्द होते, पैसे परत मिळतात, आणि त्या मुलांना गाडीत बसण्याचा अधिकार राहत नाही. त्यांनी तरीही बसणे म्हणजे विनातिकीट प्रवास होय. आरएसी, म्हणजे कोणाचे तिकीट रद्द झाल्यास पूर्ण बर्थ मिळेल या बोलीवर दिलेली बसण्याची जागा, मिळाली असेल, तर चिंता नाही. त्यात चढण्याचा हक्क असतो, मात्र साइड लोअर, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेलगतच्या खालच्या, बर्थवर दोघांना मिळून बसावे लागते आणि पुढे जागा रिकामी झाल्यास पूर्ण बर्थ मिळतो.

तिकिटे विखुरण्याचे कारण असे की ऑनलाइन एका तिकिटावर सहाच प्रवासी घेता येतात आणि प्रत्येक तिकिटाला प्रणाली वेगळी जागा देते. मोठ्या गटाने खरे तर महाविद्यालयामार्फत स्थानकावरच्या आरक्षण कार्यालयात अर्ज करायला हवा. त्याचे आणखी दोन फायदे आहेत. शैक्षणिक सहलीसाठी ठरलेल्या नमुन्यात संस्थाप्रमुखांचे प्रमाणपत्र दिल्यास विद्यार्थ्यांना शयनयान आणि द्वितीय वर्गात सवलत मिळते, जी सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी ७५ टक्के आहे. तसेच एखादा विद्यार्थी ऐनवेळी गळाला, तर संस्थाप्रमुखांच्या पत्रावर गाडी सुटण्याच्या ४८ तास आधीपर्यंत त्याच्या जागी त्याच संस्थेतल्या दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव घालून घेण्याची तरतूद आहे. मित्रांनी आपापसात ठरवलेल्या सहलीला या सोयी मिळत नाहीत. पुढच्या वेळी महाविद्यालयाला बरोबर घ्या, एवढेच सुचवतो. सध्या आरक्षण गाडीच्या तारखेच्या ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा ठरवाठरवीत वेळ घालवू नये.

बर्थचा क्रमांक पाहून जागा कोणती हे ओळखायला मुलाला शिकवा. क्रमांकाला आठाने भागल्यावर बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा बर्थ, २ किंवा ५ उरली तर मधला, ३ किंवा ६ उरली तर वरचा, ७ उरली तर साइड लोअर आणि काहीच उरले नाही तर साइड अप्पर. हे ठाऊक असले की डब्यात कोणाशी जागा बदलायची ते चढण्याआधीच ठरवता येते. कोणी एकटा दूरच्या डब्यात पडला असेल, तर बदलून घेण्याची विनंती जरूर करावी, पण समोरच्याला त्याच्याहून वाईट जागा देऊ करून भांडू नये.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट धुक्याची आहे. डिसेंबर आणि जानेवारीत उत्तर भारतात पहाटेचे धुके इतके दाट असते की गाड्या कित्येक तास उशिराने धावतात आणि काही रद्दही होतात. आपल्याकडच्या थंडीवरून याची कल्पना येत नाही. त्यामुळे एका गाडीतून उतरून दोन-तीन तासांत दुसरी गाडी पकडायची, असा बेत करू नये, आग्र्याचा दिवस आणि परतीच्या गाडीचा दिवस एकच ठेवू नये, आणि हाताशी एक मोकळा दिवस राखावा. जाड कपडे पिशवीच्या तळाशी न ठेवता वर ठेवावेत. मूळ छायाचित्र ओळखपत्र प्रत्येकाजवळ असावे. मित्र फलाटावर राहिला म्हणून साखळी ओढण्याचा मोह मुलांना होतो. पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खालचा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राहिलेल्या मित्राने पुढच्या गाडीने यावे आणि इतरांनी त्याची वाट पाहावी.

आणि एक विनंती. दर तासाला फोन करू नका. रात्री झोपण्याआधी एकदा आणि सकाळी एकदा, असे ठरवून घ्या. धुक्यात मध्येच उभ्या राहिलेल्या गाडीत मोबाइल चार्ज करण्याचे प्लग चालतीलच असे नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीजवळच्या एका शाळेत शिकवतो. आमच्या आठवीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी रेल्वे फक्त हातकणंगल्याच्या फाटकावर थांबून पाहिली आहे. लांबची सहल पालकांना परवडणार नाही. एका दिवसात, थोड्या खर्चात मुलांना रेल्वेचा अनुभव देता येईल का?
— एक शिक्षक

उत्तर : नक्की देता येईल, आणि आठवीच्या मुलांसाठी मला तो लांबच्या सहलीपेक्षाही चांगला वाटतो. हातकणंगल्याहून पॅसेंजर गाडीने मिरजेला जा. अंतर थोडे आहे, भाडे अगदी कमी आहे, गाडीत भाजीवाल्या, कामगार, मिरजेच्या दवाखान्यांत निघालेले रुग्ण आणि कॉलेजची मुले असतात, आणि वाटेत कृष्णेचा पूल लागतो. मुलांना तिकीट खिडकीवर रांगेत उभे करून प्रत्येकाला स्वतःचे तिकीट स्वतः काढू द्या. गाडीत त्यांना चार-चारच्या गटांत वेगवेगळ्या खणांत बसवा, म्हणजे त्यांना इतरांशी बोलावे लागेल.

मिरज जंक्शनवर निदान दोन तास काढा. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार दिशांचे मार्ग तेथे मिळतात. एके काळी या एकाच स्थानकात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज असे तीन मापांचे रूळ होते, आणि एका मापाच्या गाडीतून उतरलेला माल हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या मापाच्या गाडीत चढत असे. मुलांना फूटपट्टीचा हिशेब करायला लावा: ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर, मीटरगेजची १,००० आणि बार्शी लाइटची ७६२. वर्गाच्या फरशीवर खडूने हे तीन मार्ग शेजारी शेजारी काढून मग सहलीला गेलात, तर मुले फलाटावर उभी राहून रूळ नीट पाहतील. स्थानक प्रबंधकांना शाळेच्या पत्राने आधी कळवून ठेवा आणि मुलांना फलाटाच्या पिवळ्या पट्टीच्या आत ठेवण्यासाठी निदान तीन शिक्षक बरोबर घ्या. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर पुलावरूनच जायचे, हे निघण्याआधी बजावून ठेवा.

खायला घरचे घ्या. भडंग, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिवसभर टिकते. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या आणि कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या न्या. मिरज–कोल्हापूर मार्ग एकेरी असल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी आपली गाडी मध्येच थांबू शकते, तेव्हा परतीची वेळ पालकांना सांगताना तासभर पुढची सांगा.